वंध्यत्व कोणाचें?

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांत जवळा बाजार नांवाचें गांव आहे. नांवाप्रमाणेंच तें बाजाराचें गांव. अशा गांवीं आसपासच्या खेड्यांतील माणसें खरेदीविक्रीस येतात, आणि धान्याच्या भावाबरोबर घरोघरच्या वार्ताहि तेथें पोंचतात. कोणाच्या मुलीचें लग्न जमलें, कोणाच्या सुनेस दिवस गेले, आणि लग्नास चार वर्षें लोटूनहि कोणाच्या घरीं पाळणा हलला नाहीं, हें सारें सर्वांस ठाऊक असतें. या शेवटच्या वार्तेंत एक गोष्ट मात्र न बोलतांच गृहीत धरलेली असते. दोष सुनेचा. तिला हिंगोलीस नेतात, परभणीस नेतात, नांदेडास नेतात. तिच्या तपासण्या होतात, तिच्या नांवें नवस बोलले जातात. आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. या साऱ्या काळांत मुलाची एकहि तपासणी झालेली नसते. हें चित्र केवळ खेड्यापाड्यांचें आहे असें मानण्याचें कारण नाहीं. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतहि थोड्याफार फरकानें हेंच घडतें. तेथें नवसाच्या जागीं सोनोग्राफी येते, इतकाच काय तो भेद.

शास्त्राचा निर्णय निराळा आहे. पतिपत्नींचा नियमित सहवास असून आणि कोणतेंहि संततिप्रतिबंधक साधन वापरलें जात नसूनहि १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाहीं, तर त्या स्थितीस वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं सुमारें साडेसतरा टक्के, म्हणजे सहांत एक, आयुष्यांत केव्हां ना केव्हां या अनुभवांतून जातात. अशा जोडप्यांची पद्धतशीर तपासणी केली असतां जवळजवळ निम्म्या ठिकाणीं पुरुषाच्या बाजूचें कारण आढळतें. कोठें तें एकटेंच असतें, कोठें स्त्रीच्या बाजूच्या कारणाबरोबर असतें. तेव्हां केवळ स्त्रीची तपासणी करणें म्हणजे अर्धें गणित मांडून पुरें उत्तर मागण्यासारखें आहे.

या रीतीचें मूळ भाषेंतहि दिसून येतें. 'वांझ' हा शब्द स्त्रीलाच लागतो. पुरुषाला 'निपुत्रिक' म्हणतात, पण त्या शब्दांत कींव आहे, ठपका नाहीं. पुरुषासाठीं ठपक्याचा शब्द आहे तो 'नपुंसक', आणि तो अगदींच निराळ्या स्थितीचा वाचक आहे. संभोगाचें सामर्थ्य ही एक गोष्ट, आणि वीर्यांत सजीव शुक्राणु असणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेंच 'माझ्यांत कांहीं कमी नाहीं' असें पुरुष निःशंकपणें म्हणूं शकतो. वस्तुतः शरीरानें धडधाकट आणि वैवाहिक व्यवहारांत कोणतीहि अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यांत एकहि शुक्राणु नसणें शक्य आहे. वीर्याचा बहुतेक द्रवभाग शुक्राशय आणि प्रॉस्टेट या ग्रंथींतून येतो. वृषणांकडून येणारा अंश दहाव्या हिश्श्याहूनहि कमी असतो. त्या अंशाची वाट वृषणांजवळच बंद झाली, तर वीर्याच्या रंगांत, दाटपणांत वा प्रमाणांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाहीं. सूक्ष्मदर्शक यंत्रच तो सांगूं शकतें.

या यंत्राखालीं मनुष्याचा शुक्राणु पहिल्यानें दिसला त्या प्रसंगाचा प्रस्तुत विषयाशीं विलक्षण संबंध आहे. १६७७ सालीं हॉलंडमधील लायडन येथील योहान हाम नांवाच्या विद्यार्थ्यानें परमा झालेल्या एका रोग्याचा स्राव डेल्फ्ट येथील लेव्हेन्हुक याजकडे आणला. त्या स्रावांत शेपटी असलेले हलणारे सूक्ष्म जीव त्याच्या दृष्टीस पडले होते. लेव्हेन्हुक यानें निरोगी वीर्य तपासून पाहिलें, तों तेच जीव त्यांतहि विपुल दिसले. म्हणजे ते रोगाचे नव्हेत, शरीराचेच होते. शुक्राणु आणि गुप्तरोग यांची गांठ शास्त्राच्या इतिहासांत अशी अगदीं आरंभींच पडली. परम्याचा खरा जंतु मात्र दोनशें वर्षांनंतर, १८७९ सालीं, आल्बर्ट नायसर या जर्मन वैद्यास सांपडला.

हा जंतु संतानाच्या वाटेंत कसा आडवा येतो हें समजण्यास ती वाट पाहिली पाहिजे. शुक्राणु वृषणांतील सूक्ष्म नलिकांत जन्मतो, आणि त्याची घडण पुरी होण्यास सुमारें अडीच महिने लागतात. तेथून तो अधिवृषण या अवयवांत शिरतो. हा अवयव म्हणजे सुमारें ६ मीटर लांबीची, दोऱ्यासारखी बारीक एकच नळी असून, ती वेटोळीं घालून बोटाएवढ्या जागेंत बसविलेली असते. या नळींतून जातांनाच शुक्राणु पोहण्यास व फलनास समर्थ होतो. पुढें शुक्रवाहिनी नांवाच्या नळीनें तो वर चढतो आणि ग्रंथींच्या स्रावांत मिसळून बाहेर पडतो.

शुक्राणूची बाहेर येण्याची वाट हीच रोगजंतूची आंत शिरण्याची वाट. परमा आणि क्लॅमिडिया या दोन रोगांचे जंतु प्रथम मूत्रमार्गांत वस्ती करतात. उपचार न झाल्यास ते उलट्या दिशेनें चढत अधिवृषणापर्यंत पोंचूं शकतात. मग तेथें सूज व वेदना होते, ताप येतो. कांहीं दिवसांनीं दुखणें ओसरतें आणि रोगी बरा झालों असें समजतो. पण जखम भरतांना कातडीवर व्रण उरतो, त्याप्रमाणें त्या दोऱ्याएवढ्या नळीच्या आंतहि व्रण राहतो, आणि तेवढ्यानेंच ती बुजते. एका बाजूची नळी बुजली तर दुसरी काम चालवूं शकते. दोन्ही बुजल्या तर वीर्यांत शुक्राणु येणें थांबतें. वृषण आंत आपलें काम करीतच असतात; माल तयार असतो, रस्ता तेवढा बंद असतो. क्षयाच्या जंतूंनींहि असाच अडथळा होऊं शकतो, आणि आपल्या देशांत हें कारण विसरून चालत नाहीं. वयांत आल्यावर गालगुंड झालें आणि त्याची सूज वृषणांत उतरली, तर शुक्राणूंच्या उत्पत्तीसच बाध येऊं शकतो.

परमा पुरुषांत बहुधा लपून राहत नाहीं. लघवीस जळजळ होते, पू दिसतो. क्लॅमिडियाची गोष्ट तशी नाहीं. त्याची बाधा झालेल्या पुरुषांपैकीं सुमारें निम्म्यांना आणि स्त्रियांपैकीं बहुतेकींना कांहींच जाणवत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका सालांत जगभर क्लॅमिडियाचे सुमारें १२ कोटि ९० लक्ष आणि परम्याचे ८ कोटि २० लक्ष नवे रोगी झाले.

पुरुषाचा हा रोग घरांत आला म्हणजे स्त्रीच्या शरीरांतहि तोच प्रकार घडतो. जंतु गर्भाशयांतून बीजवाहिन्यांत चढतात, आणि त्या नळ्या व्रणानें बुजतात. १८७२ सालीं एमिल नोगेराट या न्यूयॉर्कमधील स्त्रीरोगवैद्यानें असें प्रतिपादन केलें कीं, पतीचा परमा बरा झाल्यासारखा दिसला तरी शरीरांत दबा धरून राहतो, आणि त्यापासूनच पुष्कळ पत्नींना वंध्यत्व येतें. त्याच्या आंकड्यांत अतिशयोक्ति होती आणि समव्यवसायी वैद्यांनीं त्याचा उपहासहि केला. पण प्रतिपादनाचा गाभा खरा ठरला. तेव्हां तपासणींत स्त्रीचीच नळी बंद आढळली, तरी 'दोष तिचाच' हा निष्कर्ष त्यावरून निघत नाहीं. अर्थात् उलट दिशेनें सर्व दोष पुरुषावर लादणेंहि तितकेंच चुकीचें. रोग कोणाकडून आला याची चौकशी बहुधा घर मोडते; तो दोघांचाहि गेला पाहिजे याची चौकशी घर राखते.

महाराष्ट्रांत हें उघडपणें सांगण्याची किंमत द्यावी लागली आहे. प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून आपल्या मृत्यूच्या सालापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. संततिनियमन, कामशास्त्र आणि गुप्तरोगांपासून बचाव हे विषय त्यांनीं मराठींत निर्भीडपणें मांडले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडली. आज तो काळ गेला असला तरी संकोच गेलेला नाहीं. गुप्तरोग हें नांवच असें आहे कीं, रोगी तो प्रथम गुप्त ठेवतो, मग भिंतीवरची जाहिरात वाचून एखाद्या भोंदूकडे जातो, आणि खऱ्या वैद्याकडे येईपर्यंत नळीचें नुकसान होऊन बसलेलें असतें.

नळी बंद होणें हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यांत शुक्राणु असतात, पण शरीर आपल्याच शुक्राणूंना शत्रु समजूं लागतें. बाहेरचा जंतु शरीरांत शिरला म्हणजे रक्तांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें नांवाचीं द्रव्यें तयार होतात. तीं जंतूला चिकटतात आणि त्याचा नाश सुलभ करतात. देवीच्या किंवा गोवराच्या लसीचा उपयोग याच गुणावर उभारलेला आहे. आपलें कोण आणि परकें कोण याची ओळख शरीर अगदीं बालपणींच करून घेतें. शुक्राणु मात्र वयांत आल्यावर, म्हणजे ही ओळख होऊन गेल्यावर, जन्मास येतात. रक्ताच्या पहारेकऱ्यांना ते परकेच वाटावयाचे. म्हणून निसर्गानें वृषणाच्या नलिकांभोंवतीं पेशींची एक घट्ट तटबंदी घातली आहे. तटाच्या आंत शुक्राणु, बाहेर रक्त. दोघांची गांठच पडत नाहीं. मार, शस्त्रक्रिया, नळींतील अडथळा किंवा तीव्र संसर्ग यांनीं हा तट फुटला कीं ती गांठ पडते, आणि प्रतिपिंडें तयार होऊं शकतात.

हीं प्रतिपिंडें वीर्यांत उतरलीं म्हणजे तीन प्रकारांनीं अडथळा करतात. कधीं तीं शुक्राणूंना एकमेकांशीं जखडतात. डोक्यास डोकें वा शेपटीस शेपटी चिकटून मोळी बांधल्यासारखे पुंजके होतात. कधीं शुक्राणु सुटे राहतात, पण गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावांत शिरतांच जागच्या जागीं थरथरत अडकून पडतात. आणि कधीं स्त्रीबीजापर्यंत पोंचूनहि त्यास जोडले जाऊं शकत नाहींत. क्वचित् स्त्रीच्या शरीरांतहि अशीं प्रतिपिंडें आढळतात.

ही गोष्ट शास्त्रास उमगली ती हळूहळू. १८९९ सालीं व्हिएन्नाचे कार्ल लँडस्टायनर आणि पॅरिसचे एली मेच्निकॉफ यांनीं एका प्राण्याचे शुक्राणु दुसऱ्या प्राण्यास टोचले असतां प्रतिपिंडें उत्पन्न होतात हें दाखविलें. मनुष्याच्या वंध्यत्वाशीं त्यांचा संबंध जोडला गेला तो १९५४ सालीं. ॲम्स्टरडॅमचे फिलिप र्‍यूमके आणि अमेरिकेंतील लिओ विल्सन यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, कांहीं वंध्य पुरुषांच्या रक्तांत शुक्राणूंना गोठविणारीं द्रव्यें आढळलीं.

यानंतर दहा वर्षांनीं या विषयांत मुंबईहून मोलाची भर पडली. डॉ. ए. एम. फडके आणि के. पदुकोण यांनीं १९६४ सालीं शुक्रवाहिनी बंद झालेल्या पुरुषांच्या रक्तांतील अशा प्रतिपिंडांविषयींचें संशोधन इंग्लंडमधील प्रजननशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्या काळीं पुरुष-नसबंदीचा प्रसार होत होता, त्यामुळें हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. वाहिनी बांधली तरी वृषणांत शुक्राणु तयार होतच राहतात. ते बाहेर जात नाहींत, म्हणून शरीरांतच जिरतात, आणि जिरतांना रक्ताच्या पहारेकऱ्यांच्या दृष्टीस पडतात. नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत हीं प्रतिपिंडें होतात असें पुढील अनुभवानें ठरलें आहे. त्यांच्यापासून त्या पुरुषाच्या प्रकृतीस अपाय होत नाहीं. पण एखाद्याचें मूल दगावलें आणि त्यानें नसबंदी उलटवून घेतली, तर वीर्यांत शुक्राणु पुन्हा दिसूं लागूनहि संतति होत नाहीं असें जें कधीं कधीं घडतें, त्याचें एक कारण हेंच असूं शकतें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, गुप्तरोगानें प्रतिपिंडें होतात काय? अधिवृषणाला तीव्र सूज येऊन गेली असेल किंवा नळी बुजली असेल, तर तीं होण्याचा संभव असतो. केवळ मूत्रमार्गापुरता संसर्ग झाला आणि तो वेळेवर बरा झाला, तर तसें होतेंच असें मात्र सिद्ध झालेलें नाहीं. निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. शिवाय वंध्य जोडप्यांतील पुरुषांत प्रतिपिंडें आढळण्याचें प्रमाण दहांत एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतें, आणि ज्यांना मुलें झालीं आहेत अशा थोड्या पुरुषांतहि तीं आढळतात. यास्तव प्रतिपिंडें आहेत म्हणजे संतति होणारच नाहीं असें समजून हताश होणें बरोबर नाहीं. निम्म्याहून अधिक हलत्या शुक्राणूंना तीं चिकटलेलीं असतील, तेव्हां वैद्य त्यांचा गंभीरपणें विचार करतात. पहिल्याच भेटींत प्रतिपिंडांची महाग तपासणी करूं नये, असें अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळांच्या २०२० सालच्या मार्गदर्शनांतहि म्हटलें आहे.

पहिली तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. ती म्हणजे वीर्याची. २ ते ७ दिवस संयम पाळून नमुना द्यावा लागतो आणि तो तासाभरांत तपासला जावा लागतो. एका मिलिलिटरमध्यें निदान १ कोटि ६० लक्ष शुक्राणु आणि शेंकडा ४२ हलते असावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेली खालची मर्यादा आहे. त्याखालीं उतरणारास मूल होणारच नाहीं असा याचा अर्थ नव्हे. पण पुढें चौकशी करावी असा मात्र आहे. एका नमुन्यावर निर्णय होत नाहीं. ताप येऊन गेला असला तरी संख्या घटते, आणि नवे शुक्राणु तयार होण्यास लागणारा काळ ध्यानीं घेऊन तपासणी पुन्हा करावी लागते. वीर्यांत पुवाच्या पेशी किंवा शुक्राणूंचे पुंजके दिसले, तर संसर्गाचा व प्रतिपिंडांचा शोध घेण्यास सबळ कारण मिळतें.

उपचाराचा पहिला नियम असा कीं, संसर्ग आढळल्यास पतिपत्नी दोघांनींहि एकाच वेळीं औषध घ्यावें आणि तें पुरें होईपर्यंत सहवास टाळावा. एकानेंच घेतलें तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे, असा घरांतल्या घरांत फिरत राहतो. परम्यावर पेनिसिलिन १९४३ पासून वापरांत आलें आणि तो रोग जिंकल्यासारखा वाटला. पण जंतूनें एकामागून एक औषधें पचविलीं आहेत. म्हणून दुकानांतून मनानें गोळ्या आणून खाणें हें आज पूर्वींहून अधिक धोक्याचें आहे. मात्र औषध जंतूस मारतें, बुजलेली नळी उघडीत नाहीं. ती सूक्ष्मदर्शकाखालीं शस्त्रक्रियेनें कधीं कधीं जोडतां येते. प्रतिपिंडांवर स्टेरॉइड औषधांचा प्रयोग पुष्कळ झाला, पण लाभ अनिश्चित आणि हाडांस इजा होण्यासारखे अपाय निश्चित, म्हणून तो मागें पडला. आतां शुक्राणु गर्भाशयांत सोडणें, अथवा एकच शुक्राणु सुईनें स्त्रीबीजांत घालणें, हे मार्ग आहेत. ही दुसरी पद्धति ब्रुसेल्स येथें १९९२ सालीं यशस्वी झाली; हिच्यांत प्रतिपिंडांचे बहुतेक अडथळे ओलांडले जातात, आणि बंद नळीमागील शुक्राणूहि काढून वापरतां येतो. शरीराबाहेर फलन घडवून जन्मलेलें मूल मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं जन्मास आलें. अशा केंद्रांची नोंदणी २०२१ च्या कायद्यानें आवश्यक केली आहे, आणि तेथें जाण्यापूर्वीं ती पाहून घ्यावी. हा मार्ग खर्चाचा आहे. वेळीं घेतलेल्या औषधाचा खर्च त्यापुढें कांहींच नाहीं.

जवळा बाजारच्या एखाद्या घरीं हा प्रश्न उभा राहिला, तर त्याची पहिली पायरी फार दूर नाहीं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालीं सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नांवाचे विभाग चालतात. तेथें या रोगांची तपासणी व औषध मोफत मिळतें आणि रोग्याची गोष्ट बाहेर जात नाहीं. वीर्याची तपासणी जिल्ह्याच्या गांवीं सहज होते. अडचण अंतराची नाहीं, मनाची आहे. आणि ती दूर करणें घरांतील वडील मंडळींच्या हातीं आहे. सुनेला घेऊन निघालेल्या सासूनें मुलालाहि बरोबर चलण्यास सांगितलें, एवढ्या एका वाक्यानें कित्येक वर्षें वाचतील. ज्या घरीं तें सांगितलें गेलें नाहीं, तेथें दुसरी सून येते, तिच्याहि पदरीं तोच शब्द पडतो, आणि बंद असलेली वाट बंदच राहते.